वधूपिता टेबलाखाली

सौंसरात देवीदास सोमकुंवरला न ओळखणारा माणूस सापडेल. पण ज्याच्या कार्यक्रमात एकदा तरी ऐन वेळी नेट बंद पडलं आहे, असा माणूस त्याला ओळखत नाही असं होणार नाही. परीक्षेचं केंद्र, डोळ्यांचं शिबिर, संत्र्यांचं प्रदर्शन, शेतकऱ्यांचा मेळावा, म्हणजे जिथे दोन दिवसांपुरते दहा-वीस कॉम्प्युटर मांडायचे आणि तिसऱ्या दिवशी उचलायचे असतात, तिथे देवीदास आपल्या स्कूटरवर वायरींची भेंडोळी आणि दोन स्विच घेऊन हजर असतो. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटन नव्हे. जुन्या व्हीसीआरएवढा चपटा लोखंडी डबा, त्याला पुढून चोवीस भोकं, भोकाभोकात वायर आणि प्रत्येक वायरीवर एक हिरवा दिवा. दिवा लागला की लोकांना वाटतं काम झालं. देवीदासला मात्र दिव्यांचा भरवसा नाही. टेलिफोन खात्यात तो चौदा वर्षं रोजंदारीवर खांबांवर चढला. पक्कं करण्याच्या यादीत त्याचं नाव आलं, त्याच सुमारास लोकांच्या खिशात मोबाइल आले, आणि खात्याला खांबांची व त्यावर चढणाऱ्यांची गरज उरली नाही. तेव्हापासून त्यानं तात्पुरतेपणालाच आपला धंदा करून टाकलं. पक्कं काम करणाऱ्याला लोक एकदाच बोलावतात, तात्पुरतं करणाऱ्याला दर वर्षी, असं तो म्हणतो, आणि यात तक्रार किती आणि अभिमान किती हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

त्याची मुलगी अश्विनी छिंदवाड्याला नर्स आहे. बोरगावच्या अतुलशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा देवीदासनं जाहीर केलं की हॉल नाही, बँड नाही, घेणं-देणं तर नाहीच. लग्न सामूहिक विवाह संमेलनात होईल. ही गोष्ट तत्त्वाची होती. त्याची बायको लीलाबाई तत्त्वांच्या विरुद्ध नव्हती, पण तत्त्वांनी आपल्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नातच घरी यावं याबद्दल तिची तक्रार होती. सरकारी मांडवात लोक जेवायला येतात की नाव नोंदवायला, असं तिनं विचारलं. अतुलचे वडील, म्हणजे देवीदासचे होणारे इवाई, हेही बरेच दिवस हो-नाही करत होते. शेवटी ते तयार झाले, पण एक गोष्ट बोलून ठेवूनच: संमेलनात काही अडलं, तर मग पुन्हा तारखा पाहत बसायचं नाही, बोरगावला हॉल घ्यायचा आणि सगळं रीतसर करायचं. लीलाबाईला ही अट इतकी आवडली की तिनं इवायांना दुसऱ्यांदा चहा दिला.

अश्विनीचं नाव यादीत गेलं तेही एका कारणानं. संमेलनासाठी अर्ज आले होते बरोबर पन्नास. संमेलन भरवणाऱ्या समितीचे बाबू गजानन ठवकर यांना हा आकडा पाहून रात्री झोप लागली नाही. लग्नाच्या पाकिटात कोणी पन्नास घालत नाही, एकावन्न घालतो. शून्यावर संपलेला आकडा म्हणजे संपलेला संसार, असं गजाननबाबूंचं पक्कं मत. ते एकावन्नाव्या जोडप्याच्या शोधात निघाले आणि तिसऱ्या दिवशी देवीदासच्या दारात पोचले. देवीदास तसाही तयार होता. गजाननबाबूंनी अश्विनीला एकावन्न नंबर दिला आणि जाता जाता मांडवातल्या नेटचं कामही देवीदासलाच देऊन गेले.

“पोरीचं लग्न आहे का तुमचं शिबिर?” लीलाबाईनं विचारलं.

देवीदासनं सांगितलं की नेटचं काम सकाळी नऊला संपेल आणि लग्न दुपारचं आहे. तीस वर्षांत देवीदासचं कोणतं काम त्यानं सांगितलेल्या वेळी संपलं, याचा हिशोब लीलाबाईला तोंडपाठ होता.

नेट लागायचं ते असं. या वर्षीपासून प्रत्येक जोडप्याचा आणि एकेका पालकाचा चेहरा मांडवातच कॉम्प्युटरसमोर दाखवायचा, तो आधारमधल्या फोटोशी जुळायचा, आणि मगच ते लग्न सरकारी योजनेत धरलं जायचं. वर कुठेतरी ठरलं होतं की चेहरे जुळवणारं सरकारी पोर्टल दुपारी एक वाजता बंद होईल. ज्यांचा चेहरा त्याआधी जुळला नाही, ते पुढच्या संमेलनात. पुढचं संमेलन कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं. मागचं आठ महिन्यांपूर्वी झालं होतं.

मांडव होता शाळेच्या मैदानावर. मैदानाच्या एका टोकाला शाळेची कॉम्प्युटरची खोली, तिथे नेट येतं. तिथला स्विच पांढुर्ण्याच्या अंकुशनं आदल्या दिवशी लावला होता. तिथून एक लांब वायर मांडवात देवीदासच्या स्विचपर्यंत, आणि तिथून दहा कॉम्प्युटर. एवढंच. पण याच वायरीतून मांडवातल्या मोठ्या पडद्याचं चित्रही यायचं होतं, आणि पडद्याचं काम वेगळं, नोंदणीचं वेगळं. अशा वेळी नेटवाले एक युक्ती करतात. वायर एकच ठेवतात, पण तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर एक नंबर मारतात. पडद्याचा नंबर दहा, नोंदणीचा दुसरा. दोन्ही टोकांना तोच नंबर असेल तर दार उघडतं. नसेल तर समोरचा स्विच भांडत नाही, चूक दाखवत नाही. तुम्ही दारात उभे आहात हेच तो मान्य करत नाही. याला व्हीलॅन म्हणतात. ही कल्पना परदेशात कोणा इंजिनियरला सुचली, असं देवीदासला नागपूरच्या प्रशिक्षणात सांगण्यात आलं, तेव्हा वर्गातले बाकीचे थक्क झाले होते. देवीदास झाला नाही. त्याच्या आजोबांच्या गावात ही व्यवस्था वायरीशिवाय चालत असे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवाला वीज आली. देवीदासनं पांढरा शर्ट आणि त्याच दिवशी घडी मोडलेली क्रीम रंगाची पँट घातली होती. त्यानं गजाननबाबूंनी दिलेला टाइप केलेला कागद समोर ठेवला, त्यावरचा नंबर स्विचमध्ये घातला, वायरी खोचल्या. सगळे दिवे हिरवे झाले. मोठा पडदा लागला, त्यावर शाळेतून पाठवलेलं फुलांचं चित्र झळकू लागलं. नोंदणीचे दहाच्या दहा कॉम्प्युटर मात्र ढिम्म.

साडेदहा वाजले होते.

देवीदास टेबलाखाली शिरला. एका लॅपटॉपवर त्यानं पत्ता पाहिला. नेटवर आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला समोरून एक पत्ता मिळावा लागतो. इथे एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा पत्ता दिसत होता, म्हणजे समोरून काहीच मिळालेलं नव्हतं आणि कॉम्प्युटरनं आपल्या मनानंच एक पत्ता ठेवून घेतला होता. लग्नात कोणीच ओळख दाखवली नाही तर माणूस जसा कडेची एक खुर्ची ओढून बसतो, तसं. दहाही कॉम्प्युटर असेच बसले होते.

वायर बदलली. भोक बदललं. स्विच बंद करून चालू केला. मग दुसरा स्विच आणून पहिल्याच्या जागी ठेवला, त्यातही कागदावरचाच नंबर घातला, आणि तोही पहिल्यासारखाच वागला. दरवेळी टेबलाखाली जायचं आणि बाहेर यायचं, यात त्याच्या पँटीच्या गुडघ्यांवर मैदानाची माती चढत गेली.

संमेलनाच्या अधिकारी स्मिता मॅडम दोनदा येऊन गेल्या. नेट नाही हे त्यांना पटेना, कारण पडदा चालू होता. फुलं इतकी स्वच्छ दिसत होती. मग नवरदेवांच्या मित्रांपैकी जो तो येऊन सल्ला देऊ लागला. एकानं मोबाइलचं हॉटस्पॉट लावायला सांगितलं. देवीदासनं समजावलं की पोर्टल फक्त शाळेच्या जोडणीवरून उघडतं. तो म्हणाला, तरी लावून तर पाहा. देवीदासनं लावलं. उघडलं नाही. तो म्हणाला, बरोबर आहे.

देवीदासनं पांढुर्ण्याला अंकुशला फोन लावला. अंकुश त्याच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, हातातलं काम चोख, पण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याच्या आवाजात थोडं मुख्यालय आलं होतं, असं देवीदासचं मत.

“काका, माह्याकडे सगळं बरोबर आहे,” अंकुश म्हणाला. “तुमी कागदावर आहे तेच टाकलं ना?”

“कागदावर आहे तेच टाकलं. तू?”

“मी बी कागदावर आहे तेच टाकलं.”

“पक्कं?”

“पक्कं काका. कागद पाहूनच टाकलं. सौंसरातच काही तरी गडबड असन.”

देवीदासला हे लागलं. जिल्हा तुम्ही घेतला, आता गडबड आमच्याकडे ठेवली, असं तो म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढच्या तासाभरात त्यांचं पाच वेळा बोलणं झालं. पाचही वेळा दोघांनी एकमेकांना हेच विचारलं आणि हेच सांगितलं. दोघंही खरं बोलत होते. कागदावर काय आहे हे मात्र दोघांपैकी एकानंही वाचून दाखवलं नाही. कागद सरकारी होता आणि त्यावर संशय घेण्याची दोघांनाही सवय नव्हती.

देवीदास लॅपटॉप काखेत मारून मैदान ओलांडून शाळेच्या खोलीत गेला. तिथल्या स्विचला वायर जोडली. पोर्टल लगेच उघडलं. म्हणजे नेट शाळेपर्यंत आहे, मांडवात नाही, आणि चूक मधल्या अडीचशे पावलांत कुठेतरी आहे. त्या स्विचच्या आत डोकावायला पासवर्ड लागत होता, तो अंकुशकडे, आणि अंकुशनं तो फोनवर सांगायला नकार दिला, कारण नियम तसा होता. नियम देवीदासनंच त्याला शिकवला होता.

परत येताना त्याला मांडवाच्या दारात इवाई भेटले. बोरगावची मंडळी नुकतीच उतरली होती. इवायांनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. वर नवा शर्ट होता, मध्ये लॅपटॉप, खाली माती.

“इवाईबुवा, काही अडलं का?” त्यांनी विचारलं.

देवीदास म्हणाला की छे, थोडं कनेक्शनचं. इवायांनी मागे वळून आपल्या भावाकडे पाहिलं, आणि भावानं खिशातून मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला. हॉलवाल्यालाच असणार, असं देवीदासला वाटलं.

लीलाबाई त्याला टेबलाजवळ गाठायला आली, तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त सांगितलं की अश्विनी विचारून राहिली, बाबा कुठे आहेत.

“काय सांगितलंस?”

“टेबलाखाली आहे म्हटलं.”

“मग?”

“मंग काही नाई. ती म्हने, म्हंजे ठीक आहे.”

या ‘ठीक आहे’नं देवीदासचं अवसान गळालं. मुलगी लहानपणापासून त्याला कुठल्या ना कुठल्या टेबलाखाली पाहत आली होती, आणि तिथून तो बाहेर आला की दिवे लागतात, अशी तिची समजूत होती. आज तिचाच दिवस होता, आणि दिवे तर सगळे लागलेले होते.

तो पुन्हा खाली बसला. एवढ्यात गजाननबाबू आले. त्यांची वेगळीच तक्रार होती. नोंदणीला अकरा टेबलं मांडली आहेत आणि एक टेबल रिकामं आहे. समितीचे लोक पाहतील तर काय म्हणतील, तिथे निदान कोणाला तरी बसवा.

देवीदास टेबलाखालूनच म्हणाला की कॉम्प्युटर दहा आहेत, दहाच ठरले होते.

“कागदावर अकरा आहे,” गजाननबाबू म्हणाले.

देवीदासनं कागद उचलला. दोन तासांत त्यानं त्यावरची एकच ओळ पाहिली होती. आता पहिल्यांदा पूर्ण कागद वाचला. खुर्च्या अकराशे एक. पंखे एकवीस. कूलर अकरा. पाण्याचे कॅन एकावन्न. टेबलं अकरा. नोंदणीचा नेट नंबर एकावन्न.

तो टेबलाखालून बाहेर आला. येताना डोकं आपटलं, पण त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

“बाबूजी, हा कागद कोणी बनवला?”

“मीच टाइप केला. जिल्ह्यातून हातानं लिहिलेला आला होता, अक्षर गिचमिड. सगळं नीट करून घेतलं.”

“नीट म्हंजे? त्यात कूलर किती होते?”

“दहा.”

“पंखे?”

“वीस,” गजाननबाबू म्हणाले. आणि मग, ज्याला आपलं चांगलं काम कोणीतरी ओळखलं याचा आनंद होतो अशा माणसाच्या आवाजात त्यांनी सांगितलं, “लग्नाचं काम आहे देवीदासभाऊ. शून्यावर कसं सोडायचं? जिथे जिथे शून्य होतं तिथे एक वाढवून घेतला. एकही चुकू दिला नाही.”

एक चुकला होता. पडद्याचा नंबर दहाचा दहाच राहिला होता, कारण गजाननबाबूंच्या मते पडदा काही लग्नात धरत नाहीत. म्हणूनच फुलं दिसत होती.

देवीदासनं अंकुशला फोन लावला.

“अंकुश, कागदावर काय आहे ते सांगू नको. नंबर वाच.”

“कोणता?”

“नोंदणीचा. तुह्याजवळ जिल्ह्याच्या कागदाचा फोटो आहे ना, तो पाहून वाच.”

अंकुशनं फोटो उघडून वाचलं, “पन्नास, काका.”

“माह्याकडे एकावन्न आहे.”

तास-दीड तासात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, की कागद दोन आहेत. मग अंकुशनं आदरानं विचारलं की मग आता गडबड कोणाकडे म्हणायची, आणि देवीदासनं सांगितलं की ते संध्याकाळी ठरवू.

इलाज दोन मिनिटांचा होता. मांडवातल्या स्विचमधला एकावन्न काढायचा आणि पन्नास घालायचा. पण गजाननबाबू समोरच उभे होते आणि काय होणार आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी देवीदासच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या टोकालाच एकावन्न करा, त्यांनी विनवलं. देवीदासनं सांगितलं की तिकडचा पासवर्ड पांढुर्ण्याला आहे आणि पांढुर्णा इथून चाळीस किलोमीटर. गजाननबाबूंना खरोखरच वाईट वाटत होतं. इतक्या जोडप्यांच्या संसारावर शून्य, आणि तेही मुलीच्या बापाच्या हातून. त्यांनी तोवर तिथे येऊन उभ्या राहिलेल्या इवायांकडे पाहिलं, की तुम्ही तरी सांगा. इवाई विचारात पडले. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण वाद वाढला तर हॉलचा मुद्दा पुन्हा निघू शकतो, हे त्यांना दिसत होतं.

लीलाबाई मागे उभी होती. हॉल तिलाही हवा होता. इतके दिवस तिनं तो मागितला होता. आता तो तीन पावलांवर आला होता, आणि तिला फक्त गप्प राहायचं होतं.

“बाबूजी, हात काढा त्यायचा,” ती म्हणाली. “पन्नास टाकू द्या नाईतर पाच. पोरगी तिकडे उन्हात रांगेत उभी आहे.”

गजाननबाबूंनी हात काढला. देवीदासनं नंबर बदलला, आणि एकेका कॉम्प्युटरनं आपला मनाचा पत्ता टाकून खरा पत्ता घेतला. बारा वाजून सव्वीस मिनिटांनी पहिल्या जोडप्याचा चेहरा जुळला. समाधान म्हणून देवीदासनं अकराव्या टेबलावर गजाननबाबूंनाच बसवलं, आणि ते तिथे बसून शेवटपर्यंत रांगेवर देखरेख करत राहिले.

पण चेहरे जुळणं हे नंबर जुळण्याइतकं सोपं नव्हतं. सौंसरातल्या ब्युटी पार्लरवाल्यांनी पहाटेपासून जीव तोडून काम केलं होतं, आणि आधारमधल्या मुलींशी त्या कामाचा काहीच संबंध उरला नव्हता. पोर्टल एकेक नवरी नाकारू लागलं. नोंदणीची मुख्य ऑपरेटर सोनाली मुलींना एकेक करून पाण्याच्या कॅनकडे पाठवत होती. तिथून त्या ओळखू येतील अशा होऊन परत येत होत्या. काहींच्या आया रडल्या. एका नवरदेवानं आपली नवरी आत्ताच जास्त छान दिसते असं म्हटलं, आणि त्याच्या सासूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच नवरीला कॅनकडे घेऊन गेला.

एकावन्न नंबर आला तेव्हा एकला सहा मिनिटं होती. अतुलचा चेहरा जुळला. अश्विनीनं काही लावलंच नव्हतं, तिचाही जुळला. मग पालक. देवीदास कॅमेऱ्यासमोर बसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल फिरलं, थांबलं आणि लाल झालं. चेहरा जुळत नाही. पुन्हा बसला. पुन्हा लाल. सोनालीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि अडखळत सांगितलं की काका, कपाळावर जाळं आहे, मिशीत पण काहीतरी आहे, आणि एक भुवई दिसतच नाही.

एकला तीन मिनिटं होती. इवाई खुर्चीच्या मागे उभे होते. लीलाबाई पुढे आली. तिनं नव्या पैठणीचा पदर घेतला, जो तिनं चार महिने जपून ठेवला होता आणि ज्याला हात लावू नका म्हणून सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, तो कॅनच्या नळाखाली भिजवला आणि नवऱ्याचं तोंड खसाखसा पुसलं. कपाळ, भुवई, मिशी, कानामागचं सुद्धा.

“आता पाहा,” ती सोनालीला म्हणाली, “हेच आहेत.”

पडदा हिरवा झाला. बारा अठ्ठावन्न. सोनालीनं खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. स्मिता मॅडमनी कोणाला तरी फोनवर सांगितलं की सगळं सुरळीत झालं, सुरुवातीपासून.

बौद्ध जोडप्यांची बैठक मांडवाच्या डाव्या अंगाला होती. तिथे अश्विनी-अतुलचं लग्न लागलं, तेव्हा देवीदास पहिल्या रांगेत बसला होता, चेहरा लख्ख आणि गुडघे मातीचे. लीलाबाई शेजारी होती. ओला पदर तिनं मांडीवर पसरून वाळत घातला होता.

जेवणाच्या पंगतीत इवायांनी देवीदासला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा गंभीर होता. आम्ही तुम्हाला काही मागितलं नाही, ते म्हणाले, ना हुंडा, ना मानपान. देवीदासनं मान हलवली. हे खरं होतं.

“पण एक गोष्ट आहे, इवाईबुवा,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “आमच्या बोरगावच्या घरी मागच्या खोलीत वायफाय येऊनच नाई राहिलं. अतुलची खोली तीच आहे.”

वरपक्षाची ही पहिली मागणी होती. देवीदासनं बुंदीचा घास गिळला, खिशातून पेन काढला आणि घराच्या भिंती मातीच्या आहेत की विटांच्या, ते विचारलं.